बाथच्या देवीपुढे कोकिलाबेनचा सोऱ्या

या, जवळ सरका जरा. दारात अर्ध्या पायात चपला ठेवून काय विचारता? इंग्लंडहून आल्यापासून बघतेय, जी येते ती एकच विचारते, काकू, राणीचा राजवाडा पाहिला का? एकीनंही विचारलं नाही की बाई, तिकडे जेवायला काय मिळालं, नात बसायला लागली का, थंडीत गुडघ्यांचं कसं झालं. तुम्हाला राजवाडा हवा. तर ऐका, राजवाडा नाही पाहिला. लंडनच नाही पाहिलं, विमानतळाच्या काचेतून दिसलं तेवढंच. लंडन बघायला म्हणून ठेवलेले दिवस मी शेवेच्या एका सोऱ्यापायी सोडून दिले, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. आता मंडळाच्या अंकात लिहा म्हणून तुम्हीच मागे लागलात ना, मग मध्येच उठून कुकर बघायला जायचं नाही.

मी शिकलेली बाई नव्हे. चोपड्याकडच्या आमच्या गावात मुलींची शाळा चौथीला संपायची. पुढचं सगळं वाचनालयाच्या पुस्तकांनी शिकवलं, आणि ह्यांच्या बँकेतून रद्दीत येणाऱ्या वर्तमानपत्रांनी. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

कतारगाम, निघण्याआधी

सुरतेत कतारगामच्या आमच्या सोसायटीत खालचं घर आमचं, वरचं कोकिलाबेनचं. तिच्या घरची कढी माझ्या घरी आणि माझ्या घरचा ठेचा तिच्या घरी, असं वीस वर्षं चाललंय. तिचा मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडायला बसतो. गेल्या हिवाळ्यात त्याचं लग्न झालं. सून हेतल, कामरेजची. गोरी, बारकी, बोलायला लागली की गोड, पण कुणी आवाज चढवला की तोंड शिवल्यासारखी गप्प.

कोकिलाबेनकडे तिच्या सासूचा पितळी सोऱ्या होता. ती त्याला संचो म्हणते. चांगलं जाड पितळ, वर फिरवायचा दांडा, बुडाशी एक पोचा. असली शेव पाडतो की दातांना कळतसुद्धा नाही. माझी मंजू बाळंतपणाला सुरतेला आली होती, ती माघात लेकीला घेऊन परत ब्रिस्टलला जायला निघाली, तेव्हा कोकिलाबेन स्वतः संचो घेऊन खाली आली आणि माझ्या ओट्यावर बसून मंजूसाठी डबा भरून शेव पाडून दिली. जाताना तिनं जाळ्यांचा डबा आणि पीठ मळायची परात नेली. संचोचं नळकांडंही नेलं, असं ती म्हणायची. मीही तेच समजत होते.

होळीला तिनं फळीवर हात घातला तर जाळ्या आहेत आणि संचो नाही. घर उलटंपालटं केलं. हेतलला विचारलं. ती गप्प झाली. नव्या सुनेचं गप्प बसणं सासूला कसं ऐकू येतं हे तुम्हाला मी सांगायला नको. कोकिलाबेनच्या मनानं घेतलं की हिनं तो कामरेजला आईकडे पोचवला. वाईट नाही हो कोकिलाबेन. पण सासूची वस्तू होती, आणि ती सासू मरताना हिच्याच हातात देऊन गेली होती. तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “संचो घेर आवशे, पछी वहू पियर जशे.” संचा घरी येईल, मगच सून माहेरी जाईल.

कामरेज काय लांब आहे? बसमध्ये बसलं की शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत येतं. पण अखात्रीज, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, गेली, उन्हाळा गेला, पोरगी गेली नाही. पुढे राखी होती. तिला एकच भाऊ, धाकटा.

मी निघाले त्या दिवशी हेतलनं माझी पिशवी रिक्षापर्यंत आणली. सासू वरून बघतेय का ते पाहून हळूच म्हणाली, “काकी, कोई माताजीनी बाधा राखुं तो संचो मळे?” बाधा म्हणजे आपला नवस, तो बोलला तर संचो मिळेल का, असं. मी म्हटलं, “बेटा, तू कशाला? मी चाललेच आहे एवढी लांब. वाटेत जी देवी भेटेल तिला मी सांगते.” बोलायला काय जातं. इंग्लंडात कुठली देवी भेटणार होती मला?

हे आले नाहीत. ह्यांना विमानाचं भय आहे, पण सांगतात टमाट्याच्या रोपांना पाणी कोण घालेल.

ब्रिस्टल

विमानतळावरच्या साहेबानं पासपोर्टात सुरत वाचलं आणि भुवया वर गेल्या. गेल्या साली आपल्याकडे प्लेग आला होता ना, ते त्याच्यापर्यंत पोचलेलं. मला इंग्रजी येत नाही, पण भुवया वाचता येतात. मी त्याला मराठीतच सांगितलं की बाबा, आता येऊन बघ, रोज झाडतात, तुझ्या ह्या फरशीपेक्षा आमचा चौक बाजार चकचकीत आहे. तो हसला आणि शिक्का मारला.

ब्रिस्टलला मंजूचं घर टेकडीवर. जावई जयंतराव तिथल्या दवाखान्यात डॉक्टर. सगळं छान, फक्त शांतता फार. आपल्याकडे लूमचा खडखडाट पहाटे बंद पडला तर माणूस दचकून जागं होतं, तिथे मला दिवसभर दचकल्यासारखं वाटायचं. शेजारीण कुंपणावरून रोज हवेबद्दल एक वाक्य बोलायची, मी मान हलवायची, झालं. दुधाच्या बाटल्या दाराबाहेर ठेवून माणूस जातो, आणि कुणीही त्या उचलत नाही. मी पहिले दोन दिवस खिडकीशी पाळतीवर होते.

जाताना कळण्याचं पीठ नेलं होतं. भाकरी थापली तर धुराची घंटा वाजली. घरात आग लागली की वाजायची घंटा हो, ती माझ्या भाकरीला वाजली. जयंतराव स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालत होते आणि म्हणत होते, आई, थांबू नका, पुढची टाका. कोकिलाबेनच्या शेवेची शेवटची मूठ डब्यात उरली होती, तिची आपल्या खान्देशी रश्शाची शेवभाजी केली. जावयांनी ताट बोटानं पुसलं. पण मला घास गोड लागेना. शेव बघितली की ती पोरगी डोळ्यापुढे.

आणि नात! ईशा. गोड आहे, दोन दात आलेत, पण झोप म्हणून नाही. मंजूच्या डोळ्यांखाली काळं झालेलं. मी म्हटलं, बाळगुटी कुठे आहे? मी स्वतः वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड असं सगळं ह्यांच्याजवळ बांधायला दिलं होतं. मंजू म्हणाली, “आहे कुठेतरी माळ्यावर, बाबांनी भरून दिलंय ते उघडलंच नाही. पण आई, जयंतपुढे नाव काढू नकोस.” जयंतरावांना गुटी चालत नाही, डॉक्टर पडले. जावयाच्या घरी सासूनं किती बोलावं ह्याला माप असतं.

बाथ

मग रविवारी मंजू म्हणाली, चल, तुला बाथ दाखवते, आगगाडीनं पाव तासावर आहे. रोमन लोकांनी बांधलेली न्हाणीघरं आहेत तिथे, गरम पाण्याच्या झऱ्यावर. मी म्हटलं, एवढ्या लांब येऊन लोकांची न्हाणीघरं काय बघायची? पण गेले. दुपारच्या खाण्याला दशम्या केल्या आणि मंजूकडच्या चांदीसारख्या कागदात गुंडाळून घेतल्या.

बायांनो, आत पाऊल टाकलं आणि मला उनाईमातेची आठवण झाली. तीच वाफ, तोच गंधकाचा वास, तसंच जमिनीतून बुडबुडत येणारं हिरवट पाणी. आपल्या चोपड्याकडे उनपदेव आहे, वांसद्याकडे उनाई आहे. जिथे गरम पाणी वर येतं तिथे देव असतोच, मग इथे का नसेल? मी मंजूला विचारलं, इथली देवी कोण? ती म्हणाली, काय गं आई, हे म्युझियम आहे. तेवढ्यात मागून आवाज आला, “छे ने, बेन. देवी छे. तमे सुरतनां?”

वळून बघते तर गणवेशातली, चष्मा लावलेली, अंबाड्यात पेन खोचलेली आपल्यातलीच बाई. पुष्पाबेन. नैरोबीहून इंग्लंडात आलेली, पण मूळ गाव कामरेजच्या पुढे. दालनात उभं राहून लोकांना माहिती सांगायची आणि कुणी काही हाताळू नये म्हणून बघायचं, हे तिचं काम. माझी पिशवी बघून तिनं ओळखलं होतं. आपल्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, रिंग रोडवरची. अर्धं गुजराती, अर्धं मराठी, आमचं असं जमलं की मंजू ईशाला घेऊन बाकावर बसून राहिली.

देवीचं नाव सुलिस. आधी तिथल्या लोकांची होती, मग रोमन आले आणि त्यांनी आपल्या मिनर्व्हा देवीचं नाव तिला जोडलं. तिचं सोन्याचा मुलामा दिलेलं मस्तक काचेत ठेवलंय, नाक सरळ, नजर करडी. आपल्याकडे गावदेवीला मोठ्या देवीचं नाव जोडतात, तसंच की हे.

पण माझा पाय अडकला तो पुढच्या काचेशी. शिशाचे पातळ पत्रे, पानाच्या विड्याएवढे, त्यावर किड्यांसारखी अक्षरं. पुष्पाबेननं सांगितलं, ही गाऱ्हाणी आहेत. ज्याची वस्तू चोरीला गेली तो शिशाच्या पत्र्यावर टोकदार खिळ्यानं देवीला लिहायचा, पत्रा गुंडाळायचा आणि झऱ्यात टाकायचा. कुणाचा अंगरखा गेलाय, कुणाचं तसराळं, एका गड्याचे दोन हातमोजे. हातमोज्यांपायी त्यानं चोराचे डोळे मागितलेत. मला हसूच आलं. राजा-राण्यांची नावं पुस्तकात असतात, पण हातमोजे हरवलेला माणूस कोण लिहून ठेवतो? तो इथे स्वतःच लिहून गेलाय.

ही रीत रोमनांची एकट्यांची नाही, ती म्हणाली, त्यांच्या आधी ग्रीक लोकांची. ते तर पत्र्यात खिळा ठोकून तो विहिरीत नाहीतर मेलेल्याच्या कबरीत सोडायचे. कोर्टात समोरच्याची जीभ जड व्हावी म्हणून, शर्यतीत दुसऱ्याचा घोडा अडखळावा म्हणून, रुसलेली बाई वळावी म्हणून. शिसंच का? तर ते थंड आणि जड असतं, तसंच शत्रूचं अंग थंड आणि जड व्हावं. मेणाच्या बाहुल्याही करायचे. काही लोक अक्षरं उलटी लिहायचे. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्यासाठी लिहून देणारेही असतील, म्हणाली, कारण पुष्कळ पत्र्यांवर तेच तेच शब्द ठरावीक येतात. रोमनांकडे मुलगा झाला की त्याच्या गळ्यात दृष्टीसाठी पोकळ गोल ताईत. एवढं सांगून ती ईशाच्या मनगटातल्या काळ्या मण्यांकडे बघून हसली. मंजूनं बाही खाली ओढली.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची हुशारी. चोराचं नाव माहीत नसलं की लिहायचं, बाई असो की पुरुष, गुलाम असो की मोकळा, मुलगा असो की मुलगी. कुणी निसटायला नको. आणि आणखी एक, चोरीची वस्तूच देवीला देऊन टाकायची. म्हणजे चोरानं आता तुमची नाही, देवीची वस्तू चोरली. मग देवी बघून घेईल. वस्तू देवळात आणून दिल्याशिवाय चोराची सुटका नाही.

मी तिथल्या तिथे पुष्पाबेनला संचोची सगळी हकिगत सांगितली. हेतल कामरेजची म्हटल्यावर तिनं कान टवकारले. तिनं एकच विचारलं, “जाळीओ लई गयो के मूकी गयो?” जाळ्या नेल्या की ठेवल्या? मी म्हटलं, जाळ्या घरातच आहेत. ती म्हणाली, “तो चोर बैरी नथी, बेन. पुरुष छे.” म्हणजे चोर बाई नाही, पुरुष आहे.

बघा हं. जाळीवाचून सोऱ्या म्हणजे नुसतं नळकांडं. शेव पाडणारी कुठलीही बाई तो जाळ्यांवाचून नेणार नाही. आम्ही सोसायटीतल्या झाडून साऱ्या बायका चार महिने ह्या गोष्टीवर बोलत होतो, आणि हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

हेतल त्यात नाही हे मला तिथेच पटलं. पण माझ्या पटण्यानं काय होणार? पटायला हवं होतं कोकिलाबेनला. मी मोठ्या हौदाच्या काठी बसले, दशमी खाल्ली, आणि तिच्या चांदीच्या कागदाची नीट घडी करून अंबाड्यातल्या आकड्यानं त्यावर लिहिलं. आपल्या भाषेत लिहिलं. एवढी जुनी देवी, तिला भाषेचं काय. लिहिलं की आई सुलिस, कतारगामच्या कोकिलाबेनचा पितळी सोऱ्या आजपासून तुझा. ज्यानं नेला तो बाई असो की पुरुष, सासू असो की सून, घरचा असो की परका, जोवर सोऱ्या तुझ्यापुढे येत नाही तोवर त्याला झोप लागू नये आणि शेव चावता येऊ नये. डोळे बिळे नको मागायला. शेव पुरे.

तिथे एका गोल हौदात लोक नाणी टाकतात. माझी गुंडाळी मी नाण्याबरोबर टाकली. पुष्पाबेन त्या वेळी भिंतीकडे तोंड करून एका पाटीवरची धूळ पुसत होती. मंजू म्हणाली, आई, तू पण ना. बाहेर पेलाभर ते पाणी प्यायला मिळतं, तेही प्याले. गरम लोखंडी तव्यात पाणी ओतून ठेवावं तशी चव. तीर्थ म्हणून घशाखाली उतरवलं.

ब्रिस्टलचं स्वयंपाकघर

दोन-तीन दिवसांनी ह्यांचा फोन. आवाज बोबडा. मी म्हटलं काय झालं? म्हणाले, दाढ ठणकतेय, रविवारपासून डोळ्याला डोळा नाही, खिमट खाऊन आहे. मी सांगितलं लवंगेचं तेल लावा. माझ्या डोक्यात बाकी काही आलं नाही, खरंच सांगते.

त्याच दिवशी ईशानं मंजूला इतकं रडवलं की जयंतराव कामावर गेल्यावर मंजूच म्हणाली, आई, उगाळ बाई तुझी गुटी, माझं काही म्हणणं नाही. मी म्हटलं, दे काढून. ती स्टुलावर चढली, माळ्यावरून जुन्या धोतराच्या फडक्यात करकचून सुतळीनं बांधलेलं एक गाठोडं काढलं. ती सुतळीची गाठ मी झोपेतही ओळखीन. आमचे हे सामान बांधायला बसले की पोकळ जागा म्हणून सोडत नाहीत. बुटात मोजे, मोज्यात साबण, तांब्यात सुपारी. लग्नात माझ्या कळशीत ह्यांनी विजेचे दिवे भरून आणले होते, एक फुटला नाही.

मी गाठ सोडली. फडकं उलगडलं. आत पितळेचं नळकांडं, वरच्या तोंडाला कापसाचा बोळा, बुडाशी पोचा. बोळा काढला तर वेखंडाचा भपकारा. कोकिलाबेनचा संचो, आणि त्यात माझ्या नातीची बाळगुटी नीट एकावर एक.

मी पुन्हा पुन्हा तो पोचा चाचपला. मंजू विचारतेय, आई, काय झालं, हा डबा आपलाच ना? डबा म्हणे. सहा महिने माझ्या लेकीच्या माळ्यावर. आणि तिकडे ती पोर माहेराला मुकलेली. आणि ज्यानं नेला त्याची मी देवीकडून झोप घालवून बसलेले आणि शेवही. मग मला ह्यांची दाढ आठवली.

आता ह्यावर जिनं तिनं आपापलं ठरवावं. जयंतराव म्हणाले, आई, दाढ किडली की दुखते, त्याला देवी लागत नाही. असेल तसंही. मी फक्त घडलं ते सांगते.

ह्यांना लगेच फोन लावला. म्हटलं, आधी वर जा आणि कोकिलाबेनला सांगा की संचो तुम्ही बांधला. मग म्हणाले, “अगं, पोकळ होता म्हणून भरला. तो आपला नाही हे मला कसं कळणार? पितळ सगळं सारखंच दिसतं. तू आल्यावर सांगू ना.” मी म्हटलं, राखी जवळ आली, आता जा. गेले बिचारे, गाल धरून. संध्याकाळी त्यांनी कळवलं की कोकिलाबेननं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि वर म्हणाली, भाई, तुम्ही भले माणूस आहात, पण वहूला वाचवायला शैलाबेननं, म्हणजे मी, शिकवून पाठवलंय हे मला कळतं. विलायतेत कुणी शेवेचा संचो नेतं का?

आता काय करायचं? फोनमधून संचो दाखवता येत नाही. माझं परतीचं तिकीट राखीनंतरचं होतं, मधले दिवस लंडनसाठी ठेवलेले. मी जावयांना म्हटलं, तिकीट अलीकडचं करून द्या. ते म्हणाले, आई, पुन्हा कधी येणार, राजवाडा राहील. मी म्हटलं, राजवाडा कुठे जात नाही. राखी जाते.

पुन्हा बाथ

पण नुसतं उचलून आणणं बरं नव्हतं. सोऱ्या मी देवीला देऊन बसले होते. शब्द म्हणजे शब्द. मग मंजूला घेऊन पुन्हा बाथला गेले, ह्या खेपेला पिशवीत संचो, खणाचा तुकडा, तांदूळ, हळदकुंकू आणि ब्रिस्टलच्या पंजाब्याच्या दुकानातला नारळ.

दारावरच्या शिपायानं पिशवी उघडायला लावली. पितळी नळकांडं, वर दांडा, शेजारी केसाळ नारळ. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं एक पाऊल मागे घेतलं. मंजू पटकन म्हणाली, पास्ता करायचं यंत्र आहे. तो म्हणाला, आणि हे? मंजू म्हणाली, सॉस. सोडलं त्यानं.

पुष्पाबेन आतच होती. संचो बघून तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. “पुरुष ज नीकळ्यो ने?” मी म्हटलं, निघाला, आणि माझाच निघाला. बाई इतकी हसली की एक शाळेची सहल गप्प होऊन आमच्याकडे बघायला लागली.

देवीच्या काचेपुढे मी पदर खांद्यावरून घेतला. खण, तांदूळ, नारळ संचोवर ठेवून ओटी वर धरली. आत तर काही ठेवू देत नाहीत. म्हटलं, आई, आणला बघ तुझ्यापुढे, ठरल्याप्रमाणे. आता चोराची दाढ सोड, तो मनानं चोर नाही, त्याला पोकळ जागा बघवत नाही एवढंच. सोऱ्या तुझाच आहे, पण मला तो थोडे दिवस वापरायला दे, एका पोरीचं नाव स्वच्छ करायचंय. त्यातून पडणाऱ्या शेवेचा पहिला घास तुझा. काचेतली ती करडी नजर जराशी मऊ झाल्यासारखी मला वाटली. मंजू म्हणते दिवा बदलला होता.

नारळ पुष्पाबेननं ठेवून घेतला, सगळ्यांना चहाबरोबर वाटते म्हणाली. निघताना तिनं अंबाड्यातलं पेन काढून तिच्या कामरेजकडच्या बहिणीचं घर कुठे ते माझ्या हातावरच लिहून दिलं. आणि हळूच म्हणाली, ती पोरगी गावी पोचली की मला एक ओळ लिहा.

सुरत

घरी पोचले तेव्हा हे दारात उभे, गाल उतरलेला, दाढ पडलेली. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. ह्यांना म्हटलं, चला वर. संचो मी छातीशी धरला होता, विमानात मांडीवरच आणला होता.

कोकिलाबेन डाळ निवडत होती. मी संचो तिच्या ताटलीशेजारी ठेवला. तिनं बुडाच्या पोच्यावरून बोट फिरवलं. काठावर तिच्या सासूचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे, ते चाचपलं. मग आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाली, “आ शेनी वास छे?” हा कसला वास? हे पुढे झाले, मास्तरांपुढे उभं राहावं तसे, आणि म्हणाले, “वेखंड. बाळगुटी भरली होती मी. पोकळ होता म्हणून.”

कोकिलाबेन ह्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. हेतल ओट्याशी पाठमोरी उभी होती, हातात पोळपाट तसाच धरलेला. मला वाटलं आता सासू काही बोलेल. ती उठली, फळीवरून जाळ्यांचा डबा काढला, पदरानं पुसला, संचो आणि डबा कापडी पिशवीत घातला. ती पिशवी सुनेच्या हातात दिली.

“कामरेज लई जा. तारी मम्मीने कहेजे, झीणी सेव पाडे, भाई माटे.” तुझ्या आईला सांग, बारीक शेव पाड, भावासाठी. ज्या घरी हा सोऱ्या पोचवला म्हणून पोरीला पाच महिने डांबलं होतं, त्याच घरी आता सासूनं स्वतःच्या हातानं पाठवला. हेतलनं पिशवी घेतली, आणि आत्तापर्यंत दाबलेलं सगळं रडू एकदम आलं तिला. कोकिलाबेन तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “चाल, बस जती रहेशे. ने वहेली आवजे, बेटा.” बस निघून जाईल, जा. आणि लवकर ये.

राखी होऊन हेतल परत आली. पिशवीत संचो, जाळ्या आणि आईनं दिलेली शेव. त्या शेवेतली पहिली मूठ मी वाटीत वेगळी काढली, ती सुलिसबाईची. तिच्या वतीनं ती पुडी बांधून पुष्पाबेनला पाठवली, वर एक ओळ, पोरगी गावी पोचली. पुडी बांधली ह्यांनीच, आणि आतल्या पोकळीत शेंगदाणे भरले.

आता उठा, तुमचे कुकर शिट्ट्या देऊन थकले असतील. पण दिवाळीआधी एकदा या सगळ्याजणी, वरच्या कोकिलाबेनकडे नाहीतर खाली माझ्याकडे, शेव दोन्हीकडे एकाच संचोची. राजवाड्याचं विचारू नका, एवढंच. वहेलां आवजो.